प्रश्न वाचकांचे : बगळा रंगवणारा मित्र

मागील अंकाच्या मलपृष्ठावर आम्ही फ्रेंच चित्रकार ओग्युस्त रेन्वार याने १८६७ मध्ये रंगवलेले फ्रेडरिक बाझीय या आपल्या चित्रकार मित्राचे व्यक्तिचित्र छापले होते. एक उंच, दाढीवाला तरुण खुर्चीवर पुढे वाकून ईझलवरच्या कॅनव्हासवर मरून पडलेला बगळा रंगवतो आहे, असे ते चित्र आहे. त्याविषयी आलेल्या पत्रांची संख्या पाहता या वेळचे सदर त्या एकाच चित्राला देणे आम्हाला योग्य वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे. व्यक्तिचित्रात आधी डोळे साधले पाहिजेत, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो. आपण छापलेल्या चित्रात चेहरा एका बाजूने दिसतो, नजर खाली आहे आणि डोळे जवळजवळ नाहीतच. मग याला व्यक्तिचित्र का म्हणावे? ‘काम करणारा चित्रकार’ असे साधे प्रसंगचित्र का म्हणू नये? आणि यात मैत्री दिसते असे आपण लिहिले होते, ती नेमकी कुठे दिसते? (मिरज)

उत्तर : आपला आक्षेप अभ्यासू आहे आणि तो थोडक्यात निकालात काढण्यासारखा नाही. डोळ्यांचा नियम खरा आहे, परंतु तो मुख्यतः अनोळखी माणसाच्या चित्रासाठी खरा आहे. ज्याला आपण प्रथमच पाहतो त्याची ओळख आपण चेहऱ्यावरून करून घेतो. ज्याच्याबरोबर आपण राहिलो आहोत तो पाठमोरा चालत असला तरी चालीवरून ओळखू येतो, आणि त्याच्या बसण्यावरून तर तो आज कंटाळला आहे की कामात बुडाला आहे हेही कळते. रेन्वारने बाझीयला असे चालीबसण्यावरून रंगवले आहे. बाझीय चांगलाच उंच होता. त्या उंच देहाची खुर्चीवर झालेली घडी, लांब पाय आवरून घेण्याची ती अवघडलेली तरीही सवयीची तऱ्हा, पुढे आलेले खांदे, हातातील पॅलेट आणि कॅनव्हासच्या अगदी जवळ गेलेला कुंचला, हा सर्व तपशील ‘कोणीही एक चित्रकार’ रंगवताना सुचणार नाही. तो एकाच माणसाचा आहे, म्हणून हे व्यक्तिचित्र आहे.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. त्या काळी पैसे देऊन व्यक्तिचित्र काढून घेणारा माणूस चांगले कपडे घालून येई आणि आपण कसे दिसावे हे ठरवून बसे. पुढे १८७८ मध्ये रेन्वारने रंगवलेले मादाम शार्पांतिए आणि त्यांच्या मुलांचे चित्र पाहावे. तेथे रेशमी वस्त्रे, जपानी सजावटीची खोली आणि मुलगी ज्याच्या अंगावर बसली आहे तो मोठा कुत्रासुद्धा घराण्याची प्रतिष्ठा सांगतो. बाझीयच्या चित्रात मात्र त्याच्या पायांत घरातल्या सपाता आहेत आणि त्यांची लाल किनार हा त्या सगळ्या करड्या चित्रातला बहुधा एकमेव उघड रंग आहे. ज्याच्यासमोर आपण सपाता घालून, पाठ वाकवून, त्याची दखलही न घेता काम करीत राहतो, तो पाहुणा नसतो. मैत्री कुठे दिसते असे आपण विचारता, तर आमच्या मते ती प्रथम या सपातांत दिसते.

त्या खोलीत आणखी बरेच काही आहे. हा स्टुडिओ पॅरिसमधील र्‍यू व्हिस्कोंती या अरुंद रस्त्यावरील २० क्रमांकाच्या घरातला. त्याचे भाडे बाझीय भरीत असे, कारण भाडे भरण्याची ऐपत असलेला तो एकटाच होता. दक्षिण फ्रान्समधील मोंपेलियेजवळ त्याच्या कुटुंबाची द्राक्षमळ्यांची मोठी मिळकत होती आणि मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला १८६२ मध्ये पॅरिसला पाठवले होते. तेथे त्याने वैद्यकाबरोबर ग्लेर नावाच्या चित्रकाराच्या शिकवणीच्या स्टुडिओत नाव घातले, तेथेच त्याला रेन्वार, क्लोद मोने आणि आल्फ्रेड सिस्ली भेटले, आणि १८६४ मध्ये वैद्यकाची परीक्षा हुकल्यावर प्रश्न आपोआपच मिटला. रेन्वार शिंप्याचा मुलगा. लहानपणी चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून त्याने पैसे मिळवले होते. रेन्वार आणि मोने दोघेही बाझीयच्या जागेत राहून गेले, आणि आपण दोन गरजू चित्रकारांना आसरा दिला असल्याचे बाझीयने घरी पत्रातून कळवले होते. त्या पत्राचा सूर तक्रारीचा नाही, उलट त्याला त्याचा आनंदच वाटत होता.

बाझीय ज्या बगळ्यावर काम करीत आहे, तो राखी बगळा त्या दिवसांत स्टुडिओत मॉडेल म्हणून आणून ठेवला होता. त्याच सुमारास सिस्लीनेही तोच पक्षी थोड्या वेगळ्या बाजूने रंगवला. म्हणजे एकाच पक्ष्यासमोर दोन मित्र ईझल लावून बसले आहेत आणि तिसरा, रेन्वार, पक्षी सोडून त्यांतल्या एका मित्राला रंगवतो आहे. बाझीयच्या मागे भिंतीवर बर्फाचे एक निसर्गचित्र टांगलेले दिसते. ते मोनेचे आहे. अशा तऱ्हेने हे चित्र एका माणसाचे असूनही त्यात चार मित्र हजर आहेत : एक रंगवला गेलेला, एक रंगवणारा, एक भिंतीवर आणि एक चौकटीच्या बाहेर, बगळ्याच्या पलीकडे. आपण विद्यार्थ्यांना डोळ्यांविषयी जे सांगितले ते मागे घेण्याचे कारण नाही. मात्र मित्राचे चित्र काढायला सांगाल त्या दिवशी त्यांना आधी सपाता पाहायला सांगावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

प्रश्न : रेन्वार आणि बाझीय हे दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) होते असे आपण लिहिता. आम्हाला महाविद्यालयात दृक्प्रत्ययवाद म्हणजे ऊन, सुटे फटकारे आणि शुद्ध रंग असे शिकवले आहे. या चित्रात तर सगळे करडे आणि मळकट दिसते. छपाईचा दोष आहे का? (पुणे)

उत्तर : छपाईत थोडी गडदता आली हे मान्य आहे, परंतु मूळ चित्रही करडेच आहे, आणि ते तसे असण्याचे कारण समजून घेतल्यास दृक्प्रत्ययवाद हा शब्द अधिक जपून वापरता येईल.

१८६७ मध्ये हा शब्द अस्तित्वातच नव्हता. तो १८७४ च्या एप्रिलमध्ये लुई लरुआ या समीक्षकाने ‘ल शारिवारी’ या नियतकालिकात मोनेच्या ‘इंप्रेशन, सूर्योदय’ या चित्रावरून टिंगल म्हणून वापरला आणि नंतर चित्रकारांनीच तो अंगीकारला. बाझीयचे चित्र रंगवले गेले तेव्हा ही सर्व मंडळी पंचविशीच्या आसपासची होती, त्या वर्षीच्या सरकारी सालों प्रदर्शनाने त्यांची चित्रे नाकारली होती, आणि त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असलेला एद्वार माने हा त्यांच्या दृष्टीने नव्या चित्रकलेचा सर्वांत धीट माणूस होता. या चित्रातील आटोपशीर रंग, सपाटीकडे झुकणारे आकार आणि रोजच्या जगण्यातला विषय कोणताही उपदेश न जोडता मांडण्याची रीत यांवर मानेची छाया स्पष्ट दिसते.

शिवाय हे स्टुडिओतील चित्र आहे. खोलीत ऊन नाही, खिडकीतून येणारा सम प्रकाश आहे, आणि तेथे उन्हाचे ठिपके घातले असते तर ते खोटे झाले असते. त्याच वर्षी रेन्वारने ‘छत्री घेतलेली लीझ’ हे मोठे चित्र रंगवले. त्यात झाडाखाली उभ्या असलेल्या मुलीच्या पांढऱ्या पोशाखावर ऊन असे पडले आहे की छत्रीच्या सावलीत गेलेला तिचा चेहरा त्यापुढे मागे सरतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली की हा चित्रकार समोर असलेल्या प्रकाशाशी इमान राखत होता हे कळते. खोलीत करडा प्रकाश होता, म्हणून त्याने करडे रंगवले. उन्हातले पाणी ठसठशीत सुट्या फटकाऱ्यांनी रंगवण्याचे काम त्याने मोनेबरोबर १८६९ मध्ये सेन नदीकाठच्या ला ग्रनुइयेर या स्नानाच्या ठिकाणी केले, आणि आपल्याला जे शिकवले गेले ते मुख्यतः तेथून पुढचे आहे.

‘मळकट’ या शब्दाविषयी मात्र आमचे मतभेद आहेत. भिंत, कोट, पँट, पक्षी आणि कॅनव्हास असे सर्व काही राखाडी आणि भुऱ्या छटांच्या एकाच कुळातले असताना एकेक वस्तू दुसरीपासून वेगळी काढणे हे लाल-निळ्या रंगांच्या मदतीने चित्र उठवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. आपण जलरंगात काम करीत असाल तर केवळ दोन रंग मिसळून होणाऱ्या करड्या छटांत घरातल्या एखाद्या कोपऱ्याचे चित्र करून पाहावे. पहिल्या तासाभरात सगळे एकमेकांत बुडते.

प्रश्न : Bazille या नावाचा उच्चार ‘बाझील’ करावा की ‘बाझीय’? आणि मागील अंकात एकदा मोने आणि एकदा माने छापले आहे, त्यात मुद्रणदोष आहे का? (बेळगाव)

उत्तर : फ्रेंचमध्ये शेवटच्या दोन ‘एल’ अक्षरांचा उच्चार येथे ‘य’सारखा होतो, म्हणून ‘बाझीय’. मुद्रणदोष नाही. क्लोद मोने आणि एद्वार माने हे दोन वेगळे चित्रकार होते, आणि खुद्द पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात लोक त्यांची गल्लत करीत असत, त्यामुळे आपल्याला वाटलेल्या शंकेत काही गैर नाही. आपल्याकडे ‘माने’ हे आडनाव घरोघर असल्यामुळे निदान तेवढे लक्षात ठेवणे मराठी वाचकाला सोपे जावे.

प्रश्न : चित्राखालील टिपणात ‘पूर्वी मानेच्या संग्रहात’ असे होते. मित्राने मित्राचे काढलेले चित्र तिसऱ्याकडे कसे गेले? बाझीय युद्धात मारला गेला असे वाचले आहे. त्याच्या घरच्यांना हे चित्र मिळाले का? (नाशिक)

उत्तर : मिळाले, आणि त्याची हकीगत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

बाझीयच्या वर्तुळात चित्रे विकली जाण्यापेक्षा हातोहात फिरत अधिक. रेन्वारने काढलेले हे चित्र मानेजवळ गेले, आणि बाझीयवर मानेचाही लोभ होता याचा एक सुंदर पुरावा उरला आहे. १८७० मध्ये बाझीयने आपल्या र्‍यू द ला कोंदामीन येथील नव्या स्टुडिओचे चित्र केले. त्यात मित्र गप्पा मारीत उभे आहेत, एक जण पियानो वाजवतो आहे, आणि मध्यभागी हातात पॅलेट घेतलेला उंच बाझीय आपला कॅनव्हास पाहुण्यांना दाखवतो आहे. ही बाझीयची आकृती त्याने स्वतः रंगवलेली नाही. ती मानेने आपल्या हाताने त्या चित्रात घातली, असे बाझीयनेच वडिलांना कळवले होते. दुसऱ्याच्या चित्रात दुसऱ्याचीच आकृती रंगवून देणे ही चित्रकारांमधली फार जवळिकीची गोष्ट आहे. एरवी कोणी आपल्या कॅनव्हासला परक्याचा कुंचला लावू देत नाही.

त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि ऑगस्टमध्ये बाझीय झुआव्ह या फ्रेंच पायदळाच्या पलटणीत स्वेच्छेने भरती झाला. २८ नोव्हेंबर १८७० रोजी बोन-ला-रोलांद येथील लढाईत तो मारला गेला. आठ दिवसांनी, ६ डिसेंबरला, तो एकोणतीस वर्षांचा झाला असता. त्याचे वडील गास्तों बाझीय रणभूमीवर गेले, त्यांनी मुलाचे शव शोधून काढले आणि ते मोंपेलियेला परत आणले.

सालोंच्या परीक्षकांवर अवलंबून न राहता मित्रांनी स्वतःच्या खर्चाने स्वतःचे प्रदर्शन भरवावे, ही कल्पना १८६७ मध्येच या मंडळींनी मांडली होती आणि बाझीयने तिच्याविषयी घरी उत्साहाने लिहिलेही होते. पैसे जमले नाहीत म्हणून ती राहिली. ती १८७४ मध्ये प्रत्यक्षात आली तेव्हा बाझीय नव्हता. १८७६ च्या दुसऱ्या प्रदर्शनात, र्‍यू ल पेलतिए येथील चित्रविक्रेते द्यूरां-र्‍युएल यांच्या दालनात, तो आला तो रेन्वारच्या या चित्रातून. माने स्वतः या गटाबरोबर कधी प्रदर्शनात उतरला नाही, पण आपल्या मालकीचे हे चित्र त्याने प्रदर्शनाला दिले. तेथे ते गास्तों बाझीय यांनी पाहिले आणि ते आपल्याकडे असावे अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली.

यावर झालेली देवघेव पाहण्यासारखी आहे. मानेने चित्र दिले आणि त्याच्या बदल्यात बाझीय कुटुंबाकडे असलेले मोनेचे ‘बागेतील स्त्रिया’ हे चित्र घेतले. ते चित्र कुटुंबाकडे आले होते ते फ्रेडरिकमुळे. १८६७ मध्ये सालोंने ते नाकारल्यावर हातात दमडी नसलेल्या मोनेला मदत व्हावी म्हणून बाझीयने ते २,५०० फ्रँकला विकत घेतले, आणि ही रक्कम त्याने दरमहा ५० फ्रँकच्या हप्त्यांनी फेडायची ठरवली. हिशेब केला तर ही फेड चार वर्षांहून अधिक काळ चालणारी होती. हप्ता उशिरा आला की मोने रागावून पत्रे पाठवी, हेही सांगितले पाहिजे. मैत्रीत सर्वच जण सारखे समजूतदार नसतात. पुढे ते चित्र मानेकडून पुन्हा मोनेकडे गेले आणि १९२१ मध्ये फ्रेंच सरकारने ते मोनेकडून २,००,००० फ्रँकला घेतले. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर वडिलांनी सुमारे अडीच मीटर उंचीचे, त्या पिढीतल्या अत्यंत महत्त्वाच्या चित्रांपैकी एक देऊन जेमतेम एक मीटर उंचीचे एक करडे चित्र घेतले. परंतु त्या करड्या चित्रात त्यांचा मुलगा सपाता घालून काम करीत बसला होता, आणि त्यांना तो तसाच घरी हवा होता. हे चित्र त्यानंतर जवळजवळ अर्धशतक कुटुंबात राहिले. १९२४ मध्ये फ्रेडरिकचा भाऊ मार्क याच्या मृत्युपत्रान्वये ते फ्रेंच सरकारकडे आले.

एका वाचकाने याच चित्रात ‘अकाली मृत्यूची चाहूल’ दिसते असे लिहिले आहे. तसे वाटणे स्वाभाविक असले तरी आम्ही त्याच्याशी सहमत नाही. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे, रेन्वारला ते ठाऊक नव्हते, आणि मेलेला बगळा हा त्या खोलीत शोकाचे प्रतीक म्हणून आणलेला नव्हता, तर हालचाल न करणारे आणि मानधन न मागणारे मॉडेल म्हणून आणलेला होता.

प्रश्न : बाझीयनेही रेन्वारचे चित्र काढले होते का? काढले असल्यास दोहोंतले सरस कोणते? (रत्नागिरी)

उत्तर : काढले होते, आणि तेही १८६७ मध्येच. ते आकाराने बरेच लहान आहे, सुमारे ६२ सेंटिमीटर उंच. रेन्वार खुर्चीवर बसला आहे, परंतु त्याने दोन्ही पाय वर घेऊन बूट खुर्चीच्या बैठकीवरच टेकवले आहेत आणि गुडघे उभे धरले आहेत. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्याशी निळसर टाय, आणि नजर कुठेतरी बाजूला. आपल्याकडे असे कोणी बसले तर घरातली वडील मंडळी ताबडतोब टोकतील. रेन्वार आयुष्यभर चुळबुळ्या स्वभावाचा म्हणून ओळखला गेला, आणि मित्राने तो स्वभाव त्या एका बैठकीत नेमका पकडला आहे.

सरस कोणते, याचे उत्तर देण्याचे आम्ही खरे तर टाळले असते, पण आपण स्पष्ट विचारले आहे. रचना, रंगांची आटोपशीर योजना आणि खोलीचे भान या बाबतींत रेन्वारचे चित्र निःसंशय पुढचे आहे; बाझीयच्या चित्रात पार्श्वभूमीला फारसे काही घडत नाही आणि कोटाचा काळा रंग थोडा जड होतो. तरीही दोघांपैकी कोण अधिक जिवंत वाटतो असे विचारल्यास आम्ही खुर्चीवर पाय घेऊन बसलेल्या रेन्वारकडे बोट दाखवू. बाझीय कामात आहे आणि काम करणाऱ्या माणसाला कामाचा आधार असतो. रेन्वारच्या हातात काहीच नाही, त्याने फक्त बसून राहायचे आहे, आणि तेच त्याला जमत नाही. दोन्ही चित्रांत मात्र एक गोष्ट समान आहे : कोणीही दुसऱ्याला ‘नीट बस’ असे सांगितलेले नाही.

प्रश्न : आम्ही येत्या उन्हाळ्यात मुलाकडे फ्रान्सला जाणार आहोत. ही चित्रे कुठे पाहता येतील? (ठाणे)

उत्तर : रेन्वारने काढलेले बाझीयचे चित्र, मानेने ज्यात बाझीयची आकृती रंगवली ते स्टुडिओचे चित्र आणि मोनेचे ‘बागेतील स्त्रिया’ ही तिन्ही पॅरिसच्या म्युझे दॉर्सेच्या मालकीची आहेत. सेन नदीच्या काठी जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. बाझीयने रंगवलेला बगळा दक्षिणेत मोंपेलियेच्या फाब्र संग्रहालयात आहे, आणि वेळ असेल तर तेथे अवश्य जावे, कारण रेन्वारच्या चित्रात कुंचल्याखाली अर्धवट दिसणारा पक्षी तेथे पुरा झालेला पाहायला मिळतो. ही चित्रे अधूनमधून इतर देशांतील प्रदर्शनांना जातात, तेव्हा निघण्यापूर्वी संग्रहालयाकडून चौकशी करून घ्यावी. म्युझे दॉर्से सोमवारी बंद असते आणि फाब्र संग्रहालयही सोमवारीच बंद असते, म्हणून तो दिवस रेल्वेप्रवासासाठी ठेवलेला बरा.